आपद्धनावरील आख्यायिका

चलनी नोट ही खर्चावयाची वस्तू आहे, वाचावयाची नव्हे, असाच आपणा सर्वांचा समज असतो. हातात आलेल्या नोटेवरचा आकडा पाहावा, फाटकी नाही ना याची खात्री करावी आणि ती खिशात घालावी, एवढाच तिच्याशी आपला परिचय. तिच्यावर चित्र कोणते आहे, असे एखाद्यास अकस्मात विचारले तर दहांपैकी आठजण गोंधळतील. म्हणूनच बेळगावच्या एका नाणेसंग्राहक स्नेह्याने जुन्या जर्मन नोटांचा एक अल्बम काही आठवडे आमच्या स्वाधीन केला, तेव्हा आम्ही तो प्रथम उपचार म्हणूनच उघडला. पुढे मात्र रोज रात्री जेवणे आटोपल्यावर दिव्याखाली तो घेऊन बसण्याचा आम्हांस छंद जडला. या नोटा चक्क वाचाव्या लागतात. कित्येकींवर पद्ये आहेत, चित्रांना क्रम आहे, आणि एका गावच्या सहा किंवा बारा नोटा ओळीने मांडल्या की एखाद्या पोथीची पाने उलगडावीत तशी एक कथा उलगडत जाते. वाङ्मय म्हणून यांची परीक्षा कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. ती करून पाहावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

जर्मन भाषेत या नोटांना ‘नोटगेल्ट’ म्हणतात. या शब्दातील ‘नोट’ म्हणजे आपली नोट नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. कारण आम्ही स्वतःच पहिले दोन दिवस या घोटाळ्यात होतो. जर्मन ‘नोट’ म्हणजे अडचण, निकड, आपत्ती, आणि ‘गेल्ट’ म्हणजे पैसा. आपल्याकडे ‘आपद्धर्म’ हा शब्द रूढ आहे, त्याच धर्तीवर यास ‘आपद्धन’ म्हणावे असे आम्हांस वाटते. 1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले, त्याबरोबर लोकांनी सोन्यारुप्याची नाणी घरोघर दडवून ठेवली. पुढे तांबे आणि निकेल हे धातू तोफखान्याच्या कामी लागले, आणि नाणी जस्ताची, लोखंडाची, अॅल्युमिनियमची निघू लागली. तीही पुरेनात. पाव विकत घेणाऱ्याला परत देण्यासाठी सुटे पैसे नाहीत, मजुराच्या हप्त्यात मोड नाही, अशी स्थिती झाली तेव्हा गावोगावच्या नगरपालिकांनी, पेढ्यांनी, कारखान्यांनी आपापल्या सहीने लहान किमतीच्या चिठ्ठ्या छापून व्यवहार चालू ठेवला. या आरंभीच्या चिठ्ठ्या अगदी साध्या आहेत. गावाचे नाव, रक्कम, मुदत, एक शिक्का, की संपले. त्यांत पाहण्यासारखे काही नाही, पण त्यांनी पोटाची सोय केली हे विसरता कामा नये.

त्याच युद्धाने आणि त्याच धातुटंचाईने आपल्याकडेही कागद आणला होता. चांदी मिळेना म्हणून ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने 1917 च्या नोव्हेंबरात एक रुपयाची आणि त्यानंतर लवकरच अडीच रुपयांची नोट काढली. पुढे दुसऱ्या महायुद्धात सुट्या नाण्यांचा दुष्काळ पडला, तेव्हा सौराष्ट्रातील आणि राजस्थानातील काही संस्थानांनी पैशा-आण्याची छापील कुपने वाटली. वडोदऱ्याकडील जुन्या संग्राहकांपाशी ती अद्याप दिसतात. परंतु आपल्या या कागदांवर राजाचे मुख किंवा दरबारची मुद्रा आहे. रयतेच्या तोंडची एकही गोष्ट नाही. आणीबाणी तीच, कागद तोच, पण एका ठिकाणी त्यावर सत्ता बोलली आणि दुसऱ्या ठिकाणी गाव बोलले.

गाव बोलू लागले ते मात्र निव्वळ निकडीमुळे नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. युद्ध संपता संपता हे चित्रविचित्र कागद जमवण्याचे वेड जर्मनीत पसरले. लहान मुलांपासून पेन्शनरांपर्यंत सर्वजण जमवू लागले. नगरपालिकांच्या ध्यानी आले की, जमवून ठेवलेली नोट पैसे मागावयास परत येत नाही. पन्नास फेनिगची नोट छापण्यास खर्च थोडा, आणि ती कोणी अल्बमात चिकटवली की बाकीची रक्कम गावच्या तिजोरीत राहिली. मग 1920 पासून 1922 पर्यंत या नोटांना नुसता ऊत आला. हजारांवर गावांनी रंगीत मालिका काढल्या. जर्मन लोक त्यांना ‘झेरियनशाइन’, म्हणजे मालिकेच्या नोटा म्हणतात. त्यांवर मुदत इतकी तोकडी असे की, काही नोटा बाजारात पाऊल ठेवण्यापूर्वीच कालबाह्य होत. पंचाहत्तर फेनिगची नोट हा तर या धंद्याचा उघड पुरावाच म्हटला पाहिजे. पंचाहत्तर फेनिगचे नाणे जर्मनीत कधीच नव्हते, मोड देण्याच्या दृष्टीने तो आकडा गैरसोयीचाच. पण पन्नासऐवजी पंचाहत्तर छापले की संग्राहकाकडून पंचवीस अधिक येतात! काही चतुर लोकांनी तर अस्तित्वातच नसलेल्या कचेऱ्यांच्या नावे नोटा छापून विकल्या.

तेव्हा पहिला आक्षेप उघड आहे. ज्या कागदाने कधी पाव विकत घेतला नाही, जो विकण्यासाठीच जन्मला, त्यावरील लोककथेला लोककथा कसे म्हणावे? तो तर पाहुण्यांसाठी मांडलेला बाजार. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. परंतु जत्रेत विकावयास आलेले चित्र वाईटच असते, असा काही नियम नाही. कागद का छापला याचे उत्तर हिशेबाच्या वहीत मिळेल; पण छापण्याची वेळ आली तेव्हा गावाने आपली म्हणून कोणती गोष्ट निवडली, आणि ती कशी सांगितली, हा प्रश्न वहीबाहेरचा आहे. आम्हांस रस आहे तो त्या निवडीत.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंनी लोककथांचे दोन वर्ग मानले होते. एक ‘मेर्खेन’, म्हणजे ‘एका आटपाट नगरात’ अशा चालीची, कोठेही घडू शकणारी कल्पित कथा. तिचा संग्रह त्यांनी 1812 पासून प्रसिद्ध केला. दुसरी ‘झागं’, म्हणजे एखाद्या खडकाला, पुलाला, देवळाला, विशिष्ट सालाला बांधलेली आख्यायिका. तिचे दोन खंड 1816 आणि 1818 साली निघाले. पहिली अधिक काव्यमय, दुसरी अधिक ऐतिहासिक, असे त्यांचे मत होते. आपद्धनाच्या नोटांवर जे बहुसंख्येने आढळते ते या दुसऱ्या वर्गाचे. हे साहजिकच आहे. नोटेवर गावाचे नाव असते, ती त्याच गावी चालते. तिच्यावर बिनगावाची परीकथा शोभणार कशी?

आमच्या वाचकांस हा प्रकार परका वाटणार नाही. आपल्याकडे प्रत्येक क्षेत्राला माहात्म्य असते. परशुरामाचा बाण पडला ते बाणावली, हे गोमंतकातील पोरही सांगते. पण एक भेद आम्हांस जाणवला. आपल्या देवतांना सोळाव्या शतकात स्थलांतर करावे लागले. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, आणि त्यांची माहात्म्येही पालखीबरोबर नदी ओलांडून गेली. आपली कथा देवाच्या पाठोपाठ चालते. जर्मन झागं मात्र चालत नाही. तिचा खडक तिला सोडीत नाही. म्हणूनच तिच्यावर गावची नोट छापता येते, आणि म्हणूनच ती नोट शेजारच्या गावी कवडीमोल ठरते.

आता प्रत्यक्ष नोटांकडे वळू. हामेल्नपासूनच आरंभ केला पाहिजे, कारण तेथील पुंगीवाला इंग्रजी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ब्राउनिंगची 1842 ची कविता आपल्या कित्येक पिढ्यांनी पाठ केली, आणि तिच्यामुळे ही गोष्ट मुळात विनोदी आहे असा आपला ग्रह झाला. तुडुंब भरलेले उंदीर, लठ्ठ नगराध्यक्ष, रंगीबेरंगी अंगरखा! हामेल्नच्या नोटांवरही उंदीर आहेत, पुंगी आहे, मागोमाग निघालेली मुले आहेत. पण गावाची स्मृती याहून जुनी आणि गंभीर आहे. 1284 साली, जून महिन्याच्या 26 तारखेला, हामेल्नची 130 मुले एका परक्या वादकामागून गेली आणि नाहीशी झाली, एवढेच मूळ वृत्त. सुमारे 1300 साली तेथील चर्चच्या काचेवर हा प्रसंग रंगविलेला होता. ती काच सतराव्या शतकात नष्ट झाली. उंदीर या कथेत शिरले ते सोळाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे घटनेनंतर पावणेतीनशे वर्षांनी. मुले गेली हे आधी, उंदीर नंतर. ती का गेली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; पूर्वेकडील नव्या वसाहतींत तरुण मंडळी नेण्यात आली असावी, हे मत त्यांतल्या त्यात अधिक मानले जाते. ज्या गल्लीतून ती गेली असे मानतात तेथे वाद्य वाजवू नये असा दंडक होता, आणि त्या गल्लीचे नावच मुळी ढोलाविना असलेली गल्ली असे आहे.

आता या नोटांचे साल पाहावे. चार वर्षांच्या युद्धात जर्मनीचे सुमारे वीस लाख सैनिक पडले होते. वाद्यांच्या तालावर, फुले उधळून, ज्यांना स्टेशनावर पोहोचविले ते तरुण परतले नव्हते. अशा काळी एक गाव आपल्या नोटेवर मुलांना घेऊन जाणारा वादक छापते. चित्रकाराच्या मनात हा अर्थ होता, असा आमचा दावा नाही, बहुधा नसावाच. त्यास पुंगीवाला हवा होता, कारण पुंगीवाला खपतो. पण आख्यायिकेचे सामर्थ्य हेच की, सांगणाऱ्याला ठाऊक नसलेलेही ती सांगून जाते. त्या नोटेपुढे आम्ही थांबलो ते चित्राच्या कौशल्यामुळे नव्हे. कौशल्य बेताचेच आहे. उंदरांवर चित्रकाराने जितकी मेहनत घेतली तितकी मुलांच्या चेहऱ्यांवर घेतली असती, तर ही नोट या साऱ्या वर्गात अजोड ठरली असती.

कौशल्य पाहावयाचे असेल तर झाले नदीकाठच्या नाउम्बुर्गची मालिका पाहावी. पुढे छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आलेल्या वाल्टर हेगे याने ती काळ्या छायाकृतींत रेखाटली आहे. कात्रीने कागद कापून काढावा तशा या आकृती. चेहरे नाहीत, डोळे नाहीत, केवळ कडा. कथा अशी. 1432 साली हुसपंथी सेनेने प्रोकोपच्या नेतृत्वाखाली नगराला वेढा दिला. नगराचा नाश अटळ दिसला तेव्हा एका शिक्षकाने मुलांना प्रेतवस्त्रासारखे पांढरे सदरे घालून शत्रूच्या छावणीत नेले. मुलांनी दयेची याचना केली. कठोर सेनापतीचे मन द्रवले, त्याने मुलांना चेरीची फळे वाटली आणि वेढा उठविला. त्याच्या स्मरणार्थ तेथे आजही चेरीचा उत्सव होतो. इतिहास मात्र सांगतो की, हा वेढा कधी पडलाच नाही. उत्सव खरा, तो सोळाव्या शतकापासूनचा, मुळात शाळकरी मुलांचा. गोष्ट त्याला पाठीमागून चिकटली, आणि 1803 च्या सुमारास कोट्झेबूने तिच्यावर नाटक लिहिल्यावर ती पक्की झाली.

हेगेच्या छायाकृतींची योग्यता येथेच आहे. वेढा घडला नाही, तरीही प्रसंग मनाला पटतो, कारण छायाकृती तपशील मागत नाही. पांढऱ्या सदऱ्यांतील मुलांची काळी रांग आणि तिच्यापुढे उभा असलेला एक शस्त्रधारी मनुष्य, एवढ्यावर काम भागते. रंगीत चित्रात हीच गोष्ट गोडमिट्ट झाली असती. आमच्याकडील चित्रकथी परंपरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना, थोड्या रेषांत कथा पुढे कशी ढकलावी याचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. हामेल्न आणि नाउम्बुर्ग शेजारी शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. एका गावची मुले गेली ती आली नाहीत, दुसऱ्या गावची मुले गेली आणि फळे घेऊन परत आली. युद्धानंतरच्या त्या वर्षांत कोणत्या आईने कोणती नोट कशा नजरेने पाहिली असेल, याचा विचार मनातून जात नाही.

विनोदी मालिकांत टिल ऑयलेनश्पीगल अग्रेसर आहे. हा भटका, थट्टेखोर पुरुष. त्याच्या कथा सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर श्ट्रासबुर्ग येथे छापल्या गेल्या. एका हाती घुबड आणि दुसऱ्या हाती आरसा, ही त्याची ओळख, कारण त्याच्या नावाचा अर्थच तो. म्योल्न या गावी तो 1350 साली मेला आणि दोर तुटून शवपेटी उभी राहिल्याने त्याला उभ्यानेच पुरला, असे म्हणतात. म्योल्नने त्याला नोटांवर घेतले, ब्राउनश्वाइगनेही घेतले. तेथे त्याने पाववाल्याकडे नोकरी धरून घुबडे आणि माकडे भाजली होती. त्याची एक कथा मात्र आमच्यापुढील नोटांत नाही, आणि ती नसल्याचे आम्हांस नवल वाटले. खानावळवाला मांसाच्या नुसत्या वासाचे पैसे मागतो, आणि टिल नाणे फळीवर आपटून त्याच्या नुसत्या आवाजाने देणे भागवितो. हीच गोष्ट आपल्याकडे निरनिराळ्या चतुर पुरुषांच्या नावावर सांगतात. आपद्धनावर छापावयास याहून उचित कथा कोणती? पण विचार केल्यावर वाटले, नगरपालिकेने ती टाळली हेच शहाणपणाचे. नाण्याला निदान आवाज असतो. कागदाला तोही नाही.

बोडेनव्हेर्डरची गोष्ट याच्या उलट. अठराव्या शतकातील बॅरन म्युन्खहाउझेन तेथला. त्याच्या नावावर खपलेल्या थापांचे पुस्तक 1785 मध्ये प्रथम इंग्रजीत निघाले. तोफगोळ्यावर बसून जाणे, अर्धा तुटलेला घोडा पाणी पीत असता ते मागून वाहून जाणे, हे सारे त्या गावच्या नोटांवर आले. ज्या कागदावर ‘अमुक रक्कम देण्याचे वचन देतो’ असे लिहावयाचे, त्याच कागदावर जगप्रसिद्ध थापाड्याचे चित्र! एवढा प्रामाणिकपणा कोणत्याही सरकारी टांकसाळीला साधलेला नाही. वाल्टर बेन्यामिनने 1928 च्या एका पुस्तकात चलनी नोटांच्या सोज्ज्वळ गांभीर्याची, त्यांवरील देवदूतांची आणि न्यायदेवतांची निर्दय चेष्टा केली आहे. बोडेनव्हेर्डरच्या नोटेला ती चेष्टा लागू पडत नाही, कारण तिने ती स्वतःच आधी उरकून घेतली आहे.

हार्ट्‌स पर्वताकडील नोटांविषयी थोडक्यातच लिहितो. टाले येथे उंच कड्यावर चेटकिणींचे नृत्याचे पठार आहे. एप्रिलच्या अखेरच्या रात्री त्या झाडूवर बसून डोंगराकडे जातात, हा समज ग्यटेच्या ‘फाउस्ट’मुळे साऱ्या जगाला ठाऊक झाला. समोरच्या खडकावर घोड्याच्या टापेची खूण आहे. बोडो नावाच्या राक्षसापासून पळणाऱ्या राजकन्येच्या घोड्याने दरी ओलांडली, टाप खडकात रुतली, आणि राक्षस खालच्या नदीत पडला, त्यावरून नदीचे नाव बोडं. पाषाणातील पाऊलखूण पाहिली की तिच्यामागे कथा उभी करावी, ही मानवी मनाची खोड सर्वत्र सारखी. दुर्दैवाने हार्ट्‌सकडील पुष्कळ गावांनी चेटकिणी एकाच साच्यातून काढल्या आहेत. त्या प्रवाशांच्या पोस्टकार्डांवरून सरळ उचललेल्या असाव्यात, अशी शंका येते. नृत्य आहे, भय नाही.

येथपर्यंत सारे रमणीय वाटले असेल. पण अल्बमात अशीही पाने येतात की, हात आखडतो. किफहॉयझर पर्वताच्या नोटांवर सम्राट फ्रीडरिख बार्बारोसा गुहेत झोपला आहे. 1190 साली धर्मयुद्धाच्या वाटेवर नदीत बुडून मेलेला हा राजा खरा मेला नाही. त्याची दाढी दगडी मेजातून वाढत आहे, डोंगराभोवती कावळे घिरट्या घालीत आहेत, ते थांबले की तो उठेल आणि साम्राज्य पुन्हा उभारील. कथा म्हणून भव्य आहे. पण 1918 च्या नोव्हेंबरात कैसर पदच्युत होऊन हॉलंडला गेल्यावर अवघ्या दोन-तीन वर्षांत हा झोपलेला सम्राट कोट्यवधी खिशांतून आणि अल्बमांतून फिरू लागतो, तेव्हा तो केवळ आजीच्या गोष्टीतला राजा राहत नाही. 1941 साली सोव्हिएत रशियावरील आक्रमणाला हिटलरने याच राजाचे नाव दिले. आख्यायिका निर्दोष असते, तिला जागे करणारे निर्दोष असतातच असे नाही.

याहून वाईट उदाहरण मेक्लेनबुर्गमधील श्टेर्नबेर्गचे. 1492 साली तेथे चर्चमधील पवित्र प्रसादाची विटंबना केल्याचा आळ ज्यू रहिवाशांवर घेतला गेला आणि 27 जणांना जिवंत जाळण्यात आले. या गावाने नोटांसाठी आपली म्हणून जी गोष्ट निवडली, तीत हे जाळणेही होते. पश्चात्तापाचे स्मारक म्हणून नव्हे, गावच्या गोष्टींपैकी एक म्हणून! ज्यूंची हेटाळणी करणारी चित्रे इतरही काही गावांच्या नोटांवर आहेत. नफेखोराचे चित्र काढावयाचे आणि त्याला ज्यूचे नाक द्यावयाचे, ही त्या काळची सोपी युक्ती. पुंगीवाल्यावर आणि चेरीच्या फळांवर भरभरून लिहिणारे बरेच जण या पानांवरून घाईने पुढे जातात. आम्हांस ते मान्य नाही. गावाच्या निवडीवरून गावाची परीक्षा करावयाची असे एकदा ठरविल्यावर, गोड निवड तेवढी मोजावी आणि कडू निवड काळाच्या माथी मारावी, ही समीक्षा नव्हे. स्थलकथा ‘आपण कोण’ हे सांगते, आणि ते सांगताना ‘आपल्यातला कोण नव्हे’ हेही पुष्कळदा सांगून टाकते. पुढे बारा वर्षांत काय झाले हे जगाला माहीत आहे. पण ही चित्रे त्यापूर्वीची आहेत, आणि ती कोणा हुकूमशहाच्या आज्ञेने नव्हे, तर गावच्या लोकांनी राजीखुशीने छापलेली आहेत.

कागदाखेरीज इतर वस्तूंच्या नोटाही निघाल्या. बीलेफेल्ट येथील बचतपेढीचे प्रमुख पाउल हांके यांनी रेशमावर, मखमलीवर आणि तागाच्या कापडावर नोटा छापल्या, कित्येकींना कडेने झालर लाविली; ते गाव कापडाचेच. ऑस्टरवीकने चामड्यावर छापल्या, माइसनच्या कारखान्याने तपकिरी चिनीमातीची नाणी घडविली. संग्राहकांत या वस्तूंना मोठा मान आहे. आम्हांस त्यांत कारागिरी दिसली, कथा फारशी दिसली नाही. म्हणून येथे त्यांचा नुसता निर्देश करून पुढे जातो. मेक्लेनबुर्गच्या सत्तर गावांनी मिळून काढलेल्या, फ्रित्स रॉयटरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेचा उल्लेख मात्र आवर्जून केला पाहिजे. तिच्यावरील मजकूर प्रमाण जर्मनमध्ये नसून उत्तरेकडील लोकांच्या बोलीत आहे. जी बोली शाळेत आणि कचेरीत चालत नव्हती ती चलनावर चालली! मराठी आणि कोंकणी शेजारी शेजारी छापणाऱ्या या मासिकाच्या वाचकांना त्यातील गोडी सांगावी लागू नये.

आता थोडे संग्राहकांविषयी. या विषयाचा पाया डॉ. आर्नोल्ड केलर यांनी घातला. त्यांनी या नोटांसाठी स्वतंत्र नियतकालिक चालविले, याद्या रचल्या. त्यांचा प्रचंड संग्रह पुढे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेकडे गेला. अलीकडे ग्राबोव्स्की आणि मेल यांची मालिका-नोटांची सूची प्रमाण मानतात. या मंडळींचे श्रम थोर आहेत, त्यांच्यावाचून आम्हांस एका नोटेचेही गाव कळले नसते. परंतु सूचीत काय असते? गाव, साल, रक्कम, कागदावरील जलचिन्ह, क्रमांकाच्या आकड्यांची उंची, आणि बाजारभाव. नोटेवरील पद्य कोणाचे, त्याचा अर्थ काय, कथा गावात खरोखर सांगितली जात होती की मुद्रकाने सुचविली, याला सूचीत जागा नाही. आणि बाजाराचा नियम असा की, कधीही न वापरलेली, घडी न पडलेली नोट श्रेष्ठ. हाताळून मळलेली नोट हलकी. आमच्या स्नेह्याने अल्बमात एक मळकी, चौघडी पडलेली नोट सर्वांत शेवटी लपविल्यासारखी ठेवली होती. आम्ही म्हणतो, या साऱ्या संग्रहात खरे आपद्धन तेवढेच. तिने कोणाला तरी बटाटे मिळवून दिले.

त्याहून मोठी तक्रार मालिका फोडण्याची. बारा नोटांतील चार देखण्या तेवढ्या विकावयाच्या आणि बाकीच्या गठ्ठ्याने फुंकावयाच्या, असा व्यापाऱ्यांचा परिपाठ दिसतो. पोथीची चित्रांची पाने फाडून विकणाऱ्यास आपण काय म्हणतो? नाउम्बुर्गच्या मालिकेतून सेनापती ठेवला आणि मुलांची रांग काढून टाकली, तर उरतो तो नुसता एक तलवारवाला. आमच्या स्नेह्याच्या अल्बमातही काही मालिका अशाच लंगड्या आहेत, हे त्याने आम्हांस क्षमा करून वाचावे.

1922 च्या जुलैत कायद्याने या नोटांना बंदी झाली आणि चित्रकथांचा हा हंगाम संपला. नंतर जे आले ते निराळेच. चलन कोसळत गेले, आणि 1923 साली निकडीच्या नोटा पुन्हा निघाल्या; पण आता त्यांवर गोष्टी नव्हत्या, शून्ये होती. थुरिंगिया राज्याच्या बँकेसाठी बाउहाउस कलाशाळेतील हेर्बेर्ट बायर याने लक्षावधी मार्कांच्या नोटा आखल्या. त्यांवर ठळक अक्षरे आणि आकडे एवढेच आहे. नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडू लागले. नवा रेंटनमार्क आला तेव्हा जुने एक लाख कोटी देऊन एक नवा मिळाला. त्या हिशेबात पुंगीवाल्याच्या पन्नास फेनिगला कोणी विचारले असेल, हे संभवत नाही. गावाने वचन दिलेली रक्कम शून्याहून शून्य झाली, आणि जो कागद विकत घेणाऱ्याने मूर्खपणाने जपून ठेवला असे त्या काळच्या व्यवहारी लोकांनी म्हटले असेल, तो तेवढा उरला.

अल्बम गेल्या आठवड्यात आम्ही परत केला. देण्यापूर्वी हामेल्नचे पान पुन्हा काढून पाहिले. त्या पानावर पाच खाचा आहेत आणि नोटा चार. पाचवीवर काय होते ते स्नेह्यास ठाऊक नाही. अल्बम त्याच्याकडे आला तेव्हापासूनच ती खाच रिकामी आहे.